खिडकीतल्या बाईला हात करा

यूर्यान,

तू भाड्याने देतोस त्या खोलीतल्या पाहुण्यांच्या चादरी बदलायला मी आज वर गेले होते. आपलं हार्लेम शहर बघायला येणाऱ्यांसाठी तू भिंतीवर लावलेला सूचनांचा कागद तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. सायकलच्या वाटेवरून चालू नका, हेरिंग मासा शेपटीला धरून खा, इथवर ठीक आहे. पण शेवटी हे काय लिहिलंयस? 'खालच्या खिडकीत एक म्हातारी बाई दिवसभर एकटीच बसलेली असते. जाता-येता तिला हात करा, तेवढंच तिला बरं वाटेल.'

अरे, लाज कशी वाटली नाही तुला? उन्हाळाभर ती माणसं हात करत होती आणि मी खुळ्यासारखी हसून त्यांना हात करत होते. केस नीटनेटके करून बसायला लागले होते मी! म्हटलं, किती गोड माणसं येतात आपल्याकडे.

आपल्या गल्लीत कुणी कधी पडदे ओढत नाही. मी आज ओढलेत. समोरची अलेडा काय बोलायचं ते बोलू दे.

मी लायडनला मावशीकडे जातेय, रविवारी येईन. सूप खाली पातेल्यात आहे. तेवढ्यासाठी तरी जिना उतरशील.

आणि हो, तुझी ती ओळ मी खोडून टाकली आहे. तिच्याखाली लिहिलंय: 'वरच्या मजल्यावर खालच्या खिडकीतल्या बाईंचा मुलगा राहतो. त्याला खाली यायला वेळ मिळत नाही. दिसला तर नुसता हात करू नका, हाताला धरून खाली घेऊन या.'

आई