कंपाउंडरची गंमत

ता. ३ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहितेय, तेव्हा आधी रागावून घे आणि मग पुढे वाच. फोनवर बोलायचं तर तू तिकडून ओरडणार, मी इकडून काय, काय करत बसणार, आणि तुझी सगळी खबर शेजाऱ्यांना माझ्याआधी कळणार. त्यापेक्षा कागद बरा.

मोठी बातमी म्हणजे आमच्याकडे नवा टीव्ही आला. बसवायला आलेल्या माणसाला मी कानाचं सांगितलं, तर त्याने दोन बटणं दाबली आणि पडद्याखाली अक्षरं यायला लागली. कोण काय बोलतंय ते सगळं लिहून येतं. इतकी वर्षं मी मालिका नुसत्या चेहऱ्यांवरून बघत होते. परवा कळलं, की एका मालिकेत जिला मी दीड वर्षं सासू समजत होते ती वकील आहे.

तू लिहितेस ती दवाखान्याची मालिका रोज बघते. डॉक्टर देखणा आहे, पण नुसताच उभा असतो. खरा माणूस तो कंपाउंडर. पेशंटला स्वतःच्या चपला देऊन अनवाणी घरी गेला, तेव्हा मला चष्मा पुसावा लागला. आणि त्या सिस्टरला किती छळतो. तिच्या स्कूटरची किल्ली खिशात टाकून म्हणाला, आता माझ्यामागे बसूनच चला. ती फणफणली, तर म्हणे, रागावल्यावर नाक काय छान लाल होतं. मी पोट धरून हसले. नंतर भांडी आवरताना मनात आलं, की तिला त्या दिवशी घाईने कुठे जायचं होतं ते कुणी विचारलंच नाही. जमलं तर पुढे कुठेतरी सांग. मला आपली उत्सुकता.

तुझे काका म्हणतात, हा कंपाउंडर म्हणजे मीच. एसटीच्या डेपोत टाइमकीपर होते तेव्हा बाई कंडक्टरांना असंच सतवायचे, आणि निवृत्तीच्या दिवशी त्याच सगळ्या रडत होत्या, हे आता रोज ऐकवतात. म्हणजे मला वाटतं ते हेच ऐकवतात.

माया आहेच, ती पत्राच्या उशिरावरून जोखू नकोस.
तुझी मावशी

ता. ९ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. वकील बाईला तू सासू करून टाकलंस यावर आमचे मुख्य लेखक इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आता एक गुपित. आम्ही तिघं मिळून लिहितो. डॉक्टर मुख्य लेखकांचा, आजार तिसऱ्याचे, आणि कंपाउंडर संपूर्ण माझा. म्हणजे खरं तर काकांचा. त्यांचं बोलणं, मान वाकडी करणं, रुसलेल्या माणसाला हसवल्याशिवाय खोलीबाहेर न जाणं, सगळं मी उचललंय. तू ओळखलं असशीलच. काकांना सांगू नकोस, नाहीतर मानधन मागतील.

येत्या गुरुवारचा भाग चुकवू नकोस. त्यात आपल्या घरचीच गोष्ट घातलीय, काका नेहमी सांगतात ती. सिस्टरची मोठ्या हॉस्पिटलात निवड होते आणि कंपाउंडर ते पत्र एक्स-रेच्या पाकिटात लपवतो. तुझा चेहरा बघायला मी तिथे हवी होते.

किल्लीबद्दल तू लिहिलंस ते मात्र डोक्यात राहिलं. मी जाऊन बघितलं, आम्ही कुठेच लिहिलेलं नाही तिला कुठे जायचं होतं ते. आम्हाला ती फक्त रागवायला हवी होती. मागच्या आठवड्यात एका बाईंचं पत्रही आलं, की त्यांच्या ऑफिसातला एक सहकारी आता रोज त्यांची किल्ली लपवतो आणि सगळे टाळ्या वाजवतात, तर कंपाउंडरला जरा आवरा. मुख्य लेखक म्हणाले, कौतुकाची हजार पत्रं येतात तिथे एक असं यायचंच. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. टाकून का दिलं नाही, माहीत नाही.

औषधं वेळेवर घे, आणि माझ्यावरचा जीव होता तसाच ठेव.
तुझी टिटवी

ता. १७ जून

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

गुरुवारचा भाग बघितला. तो पत्र लपवतो तिथे तुझे काका मांडीवर थाप मारून हसले आणि वळून माझ्याकडे तोंड करून म्हणाले, पोरीने आपली गोष्ट चोरली. मी विचारलं, कुठली गोष्ट. ते म्हणाले, अगं तुझ्या नोकरीच्या पत्राची, शंभरदा सांगितलीय. मी मान हलवली.

टिटवे, मी ती गोष्ट कधी ऐकलेली नाही.

आता तुला जे लिहितेय ते कुणाला लिहिलेलं नाही. माझा कान तुम्हाला सांगितलं त्याच्या पुष्कळ आधी गेला. चारचौघांत सारखं काय म्हणालात, काय म्हणालात करायची लाज वाटायची. मग मी एक युक्ती केली. सगळे हसले की हसायचं, सगळे गप्प झाले की गप्प व्हायचं. ती छान जमली. पाहुणे म्हणायचे, तुमचा स्वभाव किती हसरा.

आणि मी काय समजत होते तेही लिहिते. लग्नानंतर नकाशा कार्यालयात ट्रेसरच्या जागेसाठी परीक्षा दिली होती. मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरून शाईने तो जसाच्या तसा उतरवायचा. उत्तरेच्या बाणापाशी माझ्या हातून एक ठिपका पडला. पत्र आलं नाही तेव्हा मी ठरवलं, की ठिपक्याने घात केला, आपला हात स्वच्छ नाही. मग रुमालांवर कार्बनने फुलं उमटवून देण्याचं काम धरलं, तिथे ठिपका पानाखाली लपवता येतो. अडतीस वर्षं तेच केलं.

हे काय सांगतात ते मला लिहून पाठव. तुला पाठ असेल. एकही शब्द गाळू नकोस, माझी काळजी म्हणूनसुद्धा.

मला राग आलाय की नाही ते समजत नाही. चहा केला, दोन कप केले.

आशीर्वाद आहेतच.
मावशी

ता. २१ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

चार कागद फाडले. तू म्हणालीस म्हणून जसंच्या तसं लिहिते.

काका असं सांगतात. लग्नाला पाच महिने झाले होते. ते डेपोतून आले तर दारात पोस्टमन उभा. लांब पाकीट, त्यावर तुझं नाव. जिना चढता चढता त्यांनी ते फोडलं. ट्रेसर म्हणून निवड झाली आहे, पंधरा तारखेपर्यंत हजर व्हा. ऑफिस दोन तासांवरच्या गावात. त्यांनी ते ड्युटी चार्टच्या फाइलमध्ये ठेवलं, म्हटलं आज राहू दे, उद्या देऊ. असं करता करता पंधरा तारीख गेली. इथे काका थांबतात, चहाचा घोट घेतात आणि म्हणतात, बाई नकाशे काढत बसली असती तर माझ्या शर्टाची बटणं कुणी लावली असती. सगळे हसतात. मग म्हणतात, सरकारचं नुकसान झालं पण एक संसार वाचला. सगळे पुन्हा हसतात आणि तुझ्याकडे बघतात, आणि तू हसतेस.

मीसुद्धा हसलेय, मावशी, दहा-बारा वेळा तरी. तू हसतेस म्हणजे तुमचं दोघांचं ते कधीच मिटलंय असं मी धरून चालले होते. मला वाटायचं, केवढी मोठ्या मनाची बाई. आणि मग ते मी लाखो लोकांना दाखवलं.

आता माझी अडचण ऐक. तीस तारखेला मला त्या पत्राचा पुढचा भाग लिहून द्यायचाय. सिस्टरला पत्र सापडतं, ती एक प्रसंगभर रागावते, कंपाउंडर कान धरतो, ती हसते, आणि पुढच्या आठवड्यात लग्न. मुख्य लेखक म्हणतात, ती हसली की प्रेक्षक त्याला माफ करतील, आणि कंपाउंडर गेला तर मालिका गेली. त्यांचंही खोटं नाही, मलाही तो आवडतो. काल तिचं हसणं लिहायला बसले आणि कागदावर तुझा चेहरा आला. तिने काय करावं, तू सांगशील का? हे तुला विचारणंही बरोबर आहे की नाही, कळत नाही.

चुकले आहे. तरी जवळची धर.
टिटवी

ता. २५ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मावशीने मला पत्र लिहायला लावलेलं नाही. ती बाहेर गेलीय तेवढ्यात घाईने लिहितोय, म्हणजे हस्ताक्षर का वाकडं ते समजशील.

घरात भांडण नाही. भांडण असतं तर मला जमलं असतं. ती माझ्याशी सगळं बोलते, भाजी आणायला सांगते, शर्ट बाहेर काढून ठेवते. फक्त तुझं पत्र तिने टीव्हीशेजारी ठेवलंय, आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघतो. एकदा उघडून वाचलंही. माझीच गोष्ट, माझ्याच शब्दांत, आणि वाचताना मला कुठेच हसू आलं नाही. तू काही बदललंस का, म्हणून पुन्हा वाचलं. नाही बदललेलं.

एक गोष्ट तुला कळली पाहिजे. सुरुवातीची कित्येक वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. आत कुठेतरी सलायचं. मग एकदा पाहुणे जमले होते, मी गंमत करून सांगून टाकलं आणि श्वास धरून तिच्याकडे बघितलं. ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. मला वाटलं, सुटलो. तेव्हापासून दरवेळी सांगायचो ते थोडं तिचं ते हसू पुन्हा बघायला.

तिला ऐकू येत नव्हतं हे मला माहीत होतं का, असं तू विचारशील. नाही म्हणणार होतो. पण ती दुसऱ्या खोलीत असली की मी दार वाजवून हाक मारायचो, म्हणजे काहीतरी माहीत असणार. हे दोन्ही मी एकत्र कधी ठेवलं नाही.

मी काही वाईट माणूस नाही, टिटवे. तू माझ्यावरून माणूस बनवलास तर लोकांना तो आवडलाच ना. आता तुझ्या हातात आहे. त्या सिस्टरला हसव. तुझी मावशी तुझं लिहिलेलं वाचते, समोर बसून बघते. तिला ते बघू दे.

काकांवरचा लोभ एवढ्यात आटवू नकोस.
तुझे काका

ता. २८ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकांनी तुला पत्र टाकलं हे मला माहीत आहे. माझंच पोस्टाचं तिकीट घेतलं आणि पॅडची सगळी पानं विस्कटून ठेवली.

काल दुपारी मी त्यांना खिडकीसमोर खुर्चीत बसवलं, कारण उजेडात ओठ नीट वाचता येतात. मी म्हटलं, ती गोष्ट मला सांगा, घरात दुसरं कुणी नाही. आधी म्हणाले, आता काय त्याचं. मग सुरू केली. बटणांपाशी आले आणि थांबले, सवयीने. मी काही केलं नाही. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, तिथे खुर्च्याच होत्या. संसाराचं वाक्य त्यांनी म्हटलंच नाही. कुणी हसायला नसलं की ती गोष्ट फार लवकर संपते.

मग मी विचारलं, परीक्षेत मी उतरवलेल्या नकाशाच्या शीटबद्दल त्या पत्रात काय लिहिलं होतं. ते खूप वेळ आठवत बसले. टिटवे, त्यांना बटणांचं वाक्य तोंडपाठ होतं, पण शीटबद्दल काही लिहिलं होतं की नाही तेसुद्धा आठवेना. पत्राचं काय केलं तेही नाही. मी म्हटलं, दोन तासांची बस होती, तीही तुमच्याच डेपोतली, वेळही तुम्हीच लावली असती. तेव्हा ते रडले. मी त्यांना पाणी दिलं. पाणी देताना वाटलं, हे मी का देतेय. पण दिलं.

त्यांनी विचारलं, माफ केलंस का. मी म्हटलं, तुम्हाला हे होऊन अडतीस वर्षं झाली, मला दहा दिवस झालेत. मला वेळ लागेल. किती, ते मला माहीत नाही.

आता तुझ्या सिस्टरचं. माझ्यासाठी तिला रडवू नकोस आणि यांच्यासाठी हसवू नकोस. तिला ते पत्र पूर्ण वाचू दे, मोठ्याने, पगार आणि हजर व्हायच्या तारखेसकट. कंपाउंडरला तिथेच उभा कर, त्याला एकही वाक्य देऊ नकोस. पुढे काय ते मला विचारू नकोस. मी तिथवरच पोचलेय.

तुमचे मुख्य लेखक विचारतील, मग आता तो चांगला की वाईट. सांग, की घरी बसून एक बाई त्याच्यासाठी चष्मा पुसते आणि त्याच्यावर संतापतेही, आणि तिलाही ठरवता येत नाही.

आज सकाळी हे पंखा पुसायला स्टुलावर चढले आणि वरून माझ्याकडे तोंड करून पंख्याला काहीतरी बोलले. मला सगळं वाचता आलं, आणि हसू फुटलं. खरंच मजेशीर होतं. ते असे उजळले, जणू सगळं मिटलं. मी त्यांना खाली उतरवलं आणि सांगितलं, की हे हसू पंख्याचं होतं, पत्राचं नाही. ते फडकं हातात धरून उभेच राहिले. तेव्हापासून ते काही गमतीचं बोलले आणि मी हसले, की विचारतात, हे कशाचं. आणि मला दरवेळी थांबून विचार करावा लागतो.

तू लिहीत राहा, आणि मावशीवर जीव लाव, उत्तर पाठवायला उशीर झाला तरी.
तुझी मावशी