सासऱ्यांच्या गाडीची पूर्वतयारी

३ फेब्रुवारी, सोमवार
सासरे पंधरा दिवसांसाठी थोरल्या मुलीकडे गेले. त्यांची मरून गाडी आमच्या पार्किंगमध्ये. एकोणीस वर्षांची, रंग मूळचाच, कुठे साधं खरचटलेलं नाही. आता वयामुळे ते चालवणं सोडणार आहेत. परत आले की गाडी कुठल्या जावयाला द्यायची ते सांगणार. म्हणजे मी किंवा साडू. साडूला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही.
जाताना सासरे म्हणाले, दोन दिवसांआड सुरू करा, बाकी काही करू नका. भिडस्त माणूस. त्यांना गाडी चमकवून हवी आहे, बोलवत नाही एवढंच.

४ फेब्रुवारी
तीन तास व्हिडिओ पाहिले. वॅक्स काय, कुणीही लावतो. खरी कला त्याच्या आधीच्या तयारीत. शाम्पू, मग क्ले, मग पॉलिश, शेवटी वॅक्स. घाणीवर वॅक्स लावणं म्हणजे अंघोळ न करता पावडर फासणं. हे वाक्य माझं. ऑफिसात दोघांना ऐकवलं. बायकोलाही ऐकवलं, तर म्हणाली, अहो, आधी बाथरूमचा नळ बघा. विषयांतर.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सामान आलं. बादल्यासुद्धा दोन : एक साबणाची, एक फडकं खळबळायची. शनिवारी पहाटे सहाला, उन्हाच्या आत सुरुवात. ठाम.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी साडेदहा
उठायला किंचित उशीर. उन्हात शाम्पू गाडीवरच वाळला, पांढरे डाग पडले. क्लेने जातील.

दुपारी एक
क्ले म्हणजे साबणाच्या वडीएवढा मऊ गोळा. ओल्या पत्र्यावर हलका फिरवला की रंगात रुतलेले बारीक कण ओढून घेतो. बॉनेटवर काय सुरेख चालला! मग हातातून निसटला आणि जमिनीवर पडला. पडलेला क्ले फेकून द्या, असं व्हिडिओवाला सांगतो. त्याला सांगायला काय जातं? मी नळाखाली धरला आणि कामाला लागलो.

९ फेब्रुवारी, रविवार
बॉनेटवर गोल गोल ओरखडे. अगदी बारीक. एका विशिष्ट कोनातूनच दिसतात. वॉचमन त्या कोनात उभा नव्हता, तरी त्याने विचारलं, साहेब, वर मांजरं भांडली का? त्याच्याशी बोलणं कमी करायचं.

११ फेब्रुवारी
पॉलिशने ओरखडे जातात. हाताने घासून पाहिलं. दंड भरून आले, ओरखडे जागच्या जागी. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मशीन मागून आणलं. त्याने बजावलं, कडांवर चालवू नका, तिथे रंग पातळ असतो. त्यापेक्षा गाडी आणा, मीच करून देतो. ही माणसं साध्या कामाचा उगाच बाऊ करतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसला दांडी. ओरखडे गेले! निदान नव्वद टक्के. त्या आनंदात मशीन कडेवरूनही फिरलं. तिथे आता तळहाताएवढा राखाडी पट्टा दिसतो. तो प्राइमर, रंगाच्या खालचा थर. म्हणजे कंपनीने रंगात चालूपणा केला होता आणि एकोणीस वर्षं सासऱ्यांना पत्ता नव्हता. उघडकीस आणला मी.
बायको खाली येऊन बघून गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पेंटिंगवाला म्हणतो, अख्खं बॉनेट रंगवावं लागेल, चार दिवस लागतील, आणि एकोणीस वर्षं ऊन खाल्लेला मरून कुठल्या डब्यात मिळत नाही. सासरे उद्या येणार. बायकोचं मरून नेलपॉलिश पट्ट्यावर लावून पाहिलं. वाळल्यावर गुलाबी निघालं. वॅक्सचा डबा अजून सीलबंद. तयारीच संपेना, तर लावणार कधी? तरी लांबून, डोळे किलकिले करून पाहिलं तर गाडी छान दिसते.

१६ फेब्रुवारी, रविवार
सासरे आले. बॅग खाली ठेवून गाडीभोवती एक फेरी मारली. गुलाबी पट्ट्यापाशी थांबले, बोटाने चाचपलं. मी चार कारणं पाठ करून ठेवली होती. त्यांनी एकही विचारलं नाही.
चहा झाल्यावर म्हणाले, जावईबापू, चावी तुमच्याकडेच राहू द्या. गाडी तुम्हालाच द्यायची हे जायच्या आधीच ठरवलं होतं. म्हणून तर तुमच्याकडे ठेवून गेलो.
म्हणजे मी जिंकलो. पंधरा दिवस पंख्याखाली लोळत काढले असते तरी जिंकलो असतो.
त्यांना घरी सोडायला मी गाडी काढू लागलो, तर म्हणाले, नको, आज बसने जातो. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत त्यांना बसमध्ये चढताना पाहिलं नव्हतं. बॅग घेऊन स्टॉपपर्यंत बरोबर गेलो. फार वाईट वाटत होतं. बाबा, चुकलं माझं, असं म्हणणारच होतो.
बस लगेच आली.