मामाला न शिकवलेला धडा

चिमणे,

तुझा पहिला ड्रोन आणायला दुकानात गेलोय. मामाच्या ड्रोनसारखा धिप्पाड नाही, तळहाताएवढाच आणतोय. पात्यांभोवती जाळी असलेला आणि रिमोटवरची बोटं काढली तरी हवेत जागच्या जागी थांबणारा. शिकणाऱ्याला तोच बरा. आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर नुसता उभा करायला शीक, कॅमेऱ्याचं नंतर बघू.

मामाचा ड्रोन शेजाऱ्यांच्या टाकीत पडला, तेव्हा "हिनेच काहीतरी दाबलं" असं तो चारचौघांत म्हणाला. मी विसरलेलो नाही. ड्रोनला जागा सांगणारे उपग्रह सापडल्याची खूण रिमोटवर दिसायच्या आतच तो घाईने उडवतो. मग परत बोलावलं, तर घर कुठे हे ड्रोनला ठाऊकच नसतं. जन्मभर लोकांची पोरं शिकवली, पण माझ्या या दिवट्याला एवढं मी शिकवणार नाही.

रविवारी तो सगळ्यांसमोर पुन्हा उडवणार आहे. तू त्याच्या रिमोटपासून लांब, सगळ्यांना दिसशील अशी उभी राहा आणि आपला ड्रोन वर ठेव. त्याचा पडला की हसू नकोस, फक्त कॅमेरा चालू राहू दे.

ही चिठ्ठी फाडून टाक. मामाच्या हाती लागली, तर शिकेल मेला.

आजोबा