दोरखंड आणि तळहात

४ डिसेंबर, संध्याकाळ

आज नौदल दिन. कोथिंबिरीची सांबारवडी तळता तळता बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एकाहत्तरच्या युद्धाची गोष्ट पुन्हा झाली. डिझेल पुरावं म्हणून लहान बोटी मोठ्या जहाजांमागे दोरखंडाने ओढत नेल्या, रात्री कराचीवर अचानक मारा केला. तो दोरखंड बांधणाऱ्यांत बाबा. मला तोंडपाठ आहे तो दोरखंड! सगळंच गुप्त, म्हणून सुट्टीवर आल्यावर, "मी किनाऱ्यावर गोदामात होतो," एवढंच घरी सांगितलं. उलट सासूबाईंनीच त्यांना रेडिओवरची बातमी रंगवून ऐकवली, आणि बाबा, "हो का वं?" करत बसले.

दरवर्षी मला वाटायचं, इतक्या भोळ्या कशा आई?

आज त्या झारा थांबवून म्हणाल्या, "मले तवाच समजलं होतं. दोन्ही तळहातांवर दोराच्या खपल्या. गोदामात बसून होते का असं?"

बाबा थक्क. "मग इचारलं काहून नाही?"

"तुमाले मनाई होती नं. इचारलं असतं तर खोटं बोलले असते तुम्ही."

बाबा आपले तळहात उलटसुलट पाहत राहिले. मग एकदम, "तर मग ती बातमी मलेच एवढी रंगवून काहून सांगतली वं?"

"तुमचं तोंड पाह्याले!"