बाबांना न सांगितलेला नाताळ

१३ डिसेंबर, शनिवार. पापाकुरा, न्यूझीलंड.

आज मोठा मूर्खपणा केला. बाहेर लख्ख ऊन आहे आणि मी खोलीत बसून हे लिहितोय.

दुपारी दारं वाजवत होतो. सात घरं बंद, आठव्यात कुत्रा. नवव्या दाराला झेंडूचं प्लास्टिकचं तोरण, उंबऱ्याशी जँडल्सची, म्हणजे रबरी चपलांची, रांग. ता.ला म्हटलं, हे घर राहू दे. ता. म्हणजे एल्डर ताऊफा, माझा जोडीदार (मिशनवर आम्ही सगळे एल्डरच). टोंगाचा, माझ्या दुप्पट. मिशनच्या नियमाप्रमाणे आम्ही कायम एकमेकांच्या नजरेसमोर. त्याने बेल मारली.

दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या छातीवरची पट्टी वाचली, एल्डर कदम. "कदम? मराठी का रे तू?"

पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणी समोर उभं राहून मराठी बोललं. मी विरघळलोच. मग आपल्या माणसांत जे होतं तेच झालं. कुठला? चिंचवड. चिंचवडला कुठे? वडील कुठे असतात? मी भडाभडा सगळं ओकलो. बाबांचं नाव, कंपनी, खातं. वैशालीताई (इथे हॉस्पिटलात नर्स) एकदम खुलल्या. त्यांचे काका त्याच कंपनीत, स्टोअर्सला. मग सेल्फी. त्या, ता. आणि मी. पांढरे शर्ट, टाय, पट्ट्या, हातात पुस्तक. काकांना पाठवते म्हणाल्या, ते तुझ्या बाबांना दाखवतील.

मी नाही म्हणालो नाही. छान हसलोय त्यात.

१४ डिसें., रवि.

बाबांना वाटतं मी समाजसेवेच्या ट्रेनिंगला आलोय. दोन वर्षांचं. मी मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेलो, बाप्तिस्मा घेतला, इथे दारोदार फिरून तेच सांगतो, यातलं त्यांना काही ठाऊक नाही. ठाऊक फक्त माझ्या बहिणीला, ताईला. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच.

ते मारतील-बिरतील याची भीती नाही. बाबांनी कधी हात उचलला नाही. त्यांना वाटेल, आई गेली आणि लगेच हाही गेला. याची भीती वाटते.

आणि मिशनच्या अध्यक्षांची. इथे येण्याआधी त्यांनी स्पष्ट विचारलं होतं, घरच्यांचा आशीर्वाद आहे ना? मी हो म्हटलं होतं.

१५ डिसें., सोम.

सुटीचा दिवस. कपडे धुणं, घरी व्हिडिओ फोन. नेहमीप्रमाणे आधी पट्टी काढली, टीशर्ट घातला. ता.ला सांगून ठेवलंय की घरी मोकळंढाकळं बसायची सवय आहे.

बाबा नेहमीसारखेच. पाऊस आहे का, भात मिळतो का. फोटोचं काही नाही. शेवटी म्हणाले, "पंचवीसला तुला सुट्टी असेल. तेव्हा फोन कर. निवांत बोलू."

बाबा आणि निवांत? आमचे फोन चार मिनिटांचे असतात.

१७ डिसें., बुध.

वै.ताईंकडे गेलो, फोटो काढून टाका म्हणायला. ता.ला सांगितलं, बाईंना अजून ऐकायचंय. तो खूश.

त्यांनी चहा टाकला. आमच्या पंथात चहा चालत नाही म्हटल्यावर बघतच राहिल्या. "चिंचवडचा आणि चहा नाही?" मग कोकम सरबत दिलं, पोहे दिले. ता. माझ्या शेजारी बसून मन लावून पोहे खात होता आणि मी त्याच्यासमोर मराठीत हात जोडत होतो. फोटो परत घ्या, बाबांना माहीत नाही. आवाज प्रवचनासारखाच ठेवला, म्हणजे ता.ला कळायला नको.

फोटो शनिवारीच गेला होता. काकांनी पाहिलाही होता.

वै.ताई चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "परवा माझ्या दारात उभं राहून खरेपणाबद्दल सांगत होतास ना रे?" एवढंच म्हणाल्या. काकांना सांगून बघते म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

बाहेर आल्यावर ता.ने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, इंटरेस्ट आहे. संध्याकाळी त्याने वहीत तसं लिहून घेतलं.

२० डिसें., शनि.

फोन वाजला की आधी नंबर बघतो. आज तीनदा वाजला. दोनदा चर्चमधून, नाताळच्या गाण्यांच्या तालमीसाठी. एकदा कुणाचा तरी राँग नंबर.

तालमीत शब्द विसरलो. सगळीकडे पोहुतुकावाची झाडं लालभडक फुललीत, लोक टॉग्ज (पोहायचे कपडे) घेऊन समुद्राकडे निघालेत, आणि मी सारखा फोन काढून बघतोय. डेअरीवाल्या (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात) पटेलकाकांनी सुद्धा विचारलं, बरं नाही का?

रोज प्रार्थना करतो. काय मागावं कळत नाही. बाबांना कळू नये हे देवाकडे मागायचं कसं?

२२ डिसें., सोम.

फोनवर बाबा आलेच नाहीत. ताई गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलली. काल स्टोअर्सवाले काका घरी येऊन गेले. अर्धा तास बसले. ते गेल्यावर बाबांनी दिवा लावला, आईच्या फोटोसमोर बसून राहिले. जेवले. ताईला काही विचारलं नाही.

"तू तरी सांगून टाक," म्हटलं मी तिला. ताई म्हणाली, "ओंकार, हे मी नाही सांगणार. तुझं तू सांग."

बरोबर आहे तिचं. तरी राग आला.

२४ डिसें., बुध.

ता.ला सांगितलं. सगळं. राहवेना. सायकलची चेन बसवत होतो आणि तोंडातून निघूनच गेलं.

मला वाटलं आता तो अध्यक्षांना फोन लावतो. मग म्हणाला, म्हणजे त्या बाईंना इंटरेस्ट नव्हता. नाही, म्हटलं. तो म्हणाला, मी आठवडाभर रोज गुडघ्यावर बसून तिचं नाव घेतोय.

एवढा मोठा माणूस, रडवेला झाला. मी सॉरी म्हटलं. त्याने चेन माझ्या हातातून घेतली आणि स्वतः बसवली. अध्यक्षांना तू सांगायचंस, म्हणाला, मी नाही. पण आधी वडील.

परत पाठवलं तर? आणि परत कुठे, कुणाच्या घरी?

२५ डिसें., गुरु. नाताळ.

दुपारी चर्चमधल्या एका टोंगन कुटुंबाकडे जेवण. डुकराचं मांस, रताळी, पावलोव्हा नावाचा गोड केक, पंधरावीस माणसं, पोरांचा दंगा. मी ताटात नुसतं ढवळलं. घरच्या आजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, घरची आठवण येते का म्हणाल्या. हो म्हटलं.

चारला त्यांच्या मागच्या अंगणात बसून फोन लावला. चिंचवडला सकाळचे साडेआठ. ता. दहा पावलांवर, पाठ करून. या वेळी मी कपडे बदलले नव्हते.

बाबांनी पहिल्या रिंगलाच उचलला. अंघोळ झालेली, कपाळाला गंध. त्यांची नजर माझ्या टायवर गेली.

"टाय कुणी शिकवला बांधायला?"

"याने. माझ्या मित्राने."

"कधी झालं हे?"

"गेल्या वर्षी. मार्चमध्ये."

ते मनात हिशेब करत होते, मला दिसत होतं. "आईचं वर्षश्राद्ध मे महिन्यात होतं. तू माझ्या शेजारी बसला होतास."

"हो."

"मग कशाला बसलास?"

"तुम्ही एकटे बसला असतात," म्हटलं.

बाबांनी फोन टेबलावर ठेवला. पंखा दिसत होता. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बाहेरचं दार. पाचेक मिनिटांनी ताई आली. बाबा खाली गेलेत म्हणाली, चप्पल न घालता. मग तीही त्यांच्या मागे पळाली.

मी पंख्याकडे बघत बसलो. किती वेळ माहीत नाही. ता.ने येऊन फोन बंद केला.

२६ डिसें., शुक्र.

ताईचा मेसेज: घरी आले काल, तासाभराने. बोलत नाहीत. आज कामावर गेले.

अध्यक्षांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं. सोमवारी भेटायला या म्हणाले. आवाजावरून काही कळलं नाही.

२७ डिसें., शनि.

सकाळी बाबांचा मेसेज. "सोमवारी फोन करू नकोस. वाटेल तेव्हा मी करीन." खाली काही नाही. मी "हो बाबा" लिहिलं.

दुपारी वै.ताईंचा फोन. त्यांच्या काकांनी सांगितलेलं. काल कँटीनमध्ये जेवताना कुणीतरी बाबांना विचारलं, ओंकारचं ट्रेनिंग कसं चाललंय? काका समोरच बसले होते. म्हणाले, आता याचं काय उत्तर येतंय म्हणून सगळेच थांबले.

बाबा म्हणाले, "चांगलं चाललंय. अजून दीड वर्ष आहे."

आणि डबा अर्धाच ठेवून उठले.

ता.ला सांगितलं. तो म्हणाला, हे चांगलं की वाईट? मला माहीत नाही. आयुष्यात बाबांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.