अंगठ्याशी कापलेले बूट

ता. ९ सप्टेंबर

प्रिय भाऊजी,

नमस्कार. मी बरी आहे. तुमची खुशाली विचारत नाही. जाऊबाईंनी फोनवर ती पुरेशी सांगितली.

तुमचा निरोपही त्यांनी दिला. "दादाचे ते कापलेले बूट वहिनीला पाठवायला सांग. आमचं माप एकच आहे." माप एकच आहे हे मला सांगायला नको. अंगठा तोच, ओरडणे तेच आणि हट्टही त्याच साच्यातला. सुजलेला अंगठा मावेना म्हणून ह्यांनी नवे कोरे बूट माझ्या भाजीच्या सुरीने कापले होते. सुरीला अजून धार नाही.

गाउटची रोजची गोळी तुम्ही परस्पर बंद केलीत म्हणे. का, तर ती सुरू केल्यावर अंगठा जास्तच सुजला. अहो, हेच ह्यांचेही म्हणणे होते! युरिक ॲसिड उतरू लागले की सांध्यात साचलेले खडे हलतात, सुरुवातीला दुखणे उसळू शकते, म्हणून तर सोबत दुसरी गोळी देतात. डॉक्टरांनी समोर बसवून समजावले. ह्यांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण बोलतो फार."

पुढे वर्षानुवर्षे तेच. दुखले की दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, मूठ मूठ. पांघरुणाचे टोक पायाला लागले तरी माझ्यावर आरडाओरड. दुखणे थांबले की मित्र आणि बिअर. गरज सरो, वैद्य मरो. आमचा वैद्य ठणठणीत आहे, भाऊजी.

किडन्या गेल्या तेव्हा अंगठा मुळीच दुखत नव्हता. शेवटच्या दिवसांत दवाखान्यातल्या खाटेवरून मला म्हणाले, "बघ, पाय कसा छान झालाय."

मी बोलतच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे.

उद्याच डॉक्टरांकडे जा. गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते विचारा, रक्त तपासून घ्या. स्वभावाला औषध नाही म्हणतात. अंगठ्याला आहे, आणि ते तुमच्याच खणात पडले आहे.

बूट पाठवत नाही. जाऊबाईंना मी कद्रू वाटले तरी चालेल. ते दाराशी आहेत. येता-जाता अडखळते, चिडते, आणि पुन्हा होते तिथेच नीट लावून ठेवते.

बघायचे असतील तर या. पण न कापलेले बूट घालून या.

हे सगळे एकदा पाहून झालेली,
तुमची वहिनी