कंपायलरने हाकललेला लूप

मंगळ., १० जून
केलं एकदाचं. ताई आंघोळीला गेली तेवढ्यात तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये हात घातला. असं करू नये, माहितीय. पण रविवारी मामासमोर माझ्या ए.टी.के.टी.चा विषय तिनेच काढला ना.
ती मुलुंडच्या एका छोट्या कंपनीत मसाल्याची पाकिटं भरायच्या मशिनचा सी प्रोग्राम लिहिते. मी त्यात एक रिकामा फॉर लूप टाकला. नुसतं मोजत बसायचं, बाकी काम नाही. म्हणजे दर पाकिटाला मशिन जांभई देणार. घरच्या टेस्ट बोर्डवर लावून बघितलं, त्यावरचा दिवा कसला आळसावला. झकास.

बुध., ११
ताई तोंड पाडून आली. मला वाटलं, लागला बाण. पण मशिन स्लो झालंच नाही. पाकिटं फुटतायत. मशिनचा गरम जबडा पाकिटाचं तोंड दाबतो आणि प्लास्टिक चिकटायच्या आत उघडतो, मसाला सगळा खाली. गेल्या आठवड्यापासून चाललंय, म्हणजे मी नाही. हुश्श.
"घरी बरोबर चालतं रे, तिकडे नेलं की वाट लागते." सोमवारी ट्रायल. जमलं तर ताई पर्मनंट, नाहीतर साहेब म्हणाले बघू. त्यांचं बघू म्हणजे काय ते आम्हाला कळतं.
आई : "मेल्या, हसतंस कित्याक?"
हसत नव्हतो. माझा लूप गेला कुठे?

शुक्र., १३
ताई भाजीला गेली. कंपायलर म्हणजे सीचं मशिनच्या भाषेत करणारा, त्याने शेवटी काय बनवलं ते दाखवणारी फाइल निघते, ती काढली. आधी डोकं गरगरलं. मग दिसलं. फॉर असो, व्हाइल असो, गोटू असो, खाली सगळे सारखेच. तपास, आणि उडी मार. लूप म्हणजे मागे उडी. बस. सरांनी यावर किती लेक्चरं घालवली यार.
घरची टेस्ट वेगळी, मशिनवर जाते ती फायनल वेगळी. फायनलमध्ये ऑप्टिमायझेशन चालू, म्हणजे फालतू काम छाटून टाकायचं. टेस्टमध्ये माझी उडी आहे, फायनलमध्ये गायब. कंपायलरने बघितलं, हा नुसता मोजतोय, याच्या मोजण्याने कोणाचं काही अडत नाही, हाकला. मला वर्गातून हाकलायचे तसं.
आणि मग... ताईचा पण तसलाच एक लूप होता. जबडा बंद झाला की जरा थांबायला. तोही हाकललाय. थांबतच नाही तर चिकटणार काय, घंटा.

शनि., १४
सांगायचं तर लॅपटॉप का उघडलास, इथून सुरुवात. घरच्यांनी कंपनीचा लॅपटॉप वापरला कळलं तर तिची नोकरी तिथेच गेली.
माझा लूप काढून टाकला. तिच्या मोजायच्या व्हेरिएबलपुढे व्होलाटाइल लिहिलं. म्हणजे कंपायलरला दम, याला हात लावायचा नाही, खरंच मोजायचं. फायनल काढून बघितली. उडी परत जागेवर. एका शब्दात काम. आपण आहोतच तसे.

सोम., १६
चाललं मशिन. एक पाकीट फुटलं नाही. ताईने जिलेबी आणली, पण स्वतः खाईना.
"साहेब उद्या सगळ्यांसमोर विचारणार, काय दुरुस्त केलंस. मी काहीच बदललं नाही रे."
मग बोललो. म्हटलं, पक्या सांगत होता, रिकामे लूप कंपायलर उडवतो. उड्याबिड्या सगळं समजावलं.
"पक्या? मोबाइलची कव्हरं विकतो तो?"
"हुशार आहे गं तो."
तिने प्रोग्राम उघडला, ती ओळ शोधून काढली, बघत बसली. जिलेबी मीच संपवली.

मंगळ., १७
सकाळी सँडल घालता घालता : "का फुटत होती ते सांगेन मी नीट. पण कोणी शोधलं विचारलं तर नाव कोणाचं घेऊ?"
"तुझंच घे ना."
"खोटं बोलू?"
"मग पक्याचं घे."
हसली नाही. गेली. दुपार झाली, फोन नाही. मी केला तर कट केला.
ए, जो कोण वाचतोयस. पाया पडतो तुझ्या, कोणाला बोलू नको. आईला नको, पक्याला तर अजिबात नको. ताई काय सांगायचं ते सांगेल, तू नको सांगू यार.